पिठोरी अमावास्या : मातृदिनाच्या उगमाचा शोध

श्रावण महिन्याच्या अमावास्येला यवतमाळ जिल्ह्यात गावोगाव पोळा भरतो. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी आणि हळद लावून मळले जातात, म्हणजे खांदमळणी होते, आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे म्हणून त्यांना जेवणाचे आमंत्रण दिले जाते. दुसऱ्या दिवशी नदी-नाल्यावर धुऊन आणलेल्या बैलजोड्या शिंगांना रंग आणि बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळा अशा साजात तोरणाखाली उभ्या राहतात, झडत्या म्हणजे पोळ्यात चढ्या आवाजात म्हटल्या जाणाऱ्या लोकरचना रंगतात, आणि पोळा फुटल्यावर घरोघरच्या स्त्रिया बैलांचे पाय धुऊन त्यांना पुरणपोळीचा घास भरवतात. या गजबजीत त्याच तिथीचा दुसरा सण काहीसा झाकला जातो. ही अमावास्या पिठोरी अमावास्या म्हणून ओळखली जाते; त्या संध्याकाळी मुलांची आई उपास करून योगिनींची पूजा मांडते, आणि मराठी दिनदर्शिकांत याच तिथीपुढे ‘मातृदिन’ असा शब्द छापलेला असतो.

आईचा म्हणून आज आणखी एक दिवस सर्वांच्या परिचयाचा झाला आहे, तो मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारचा. हा दिवस अमेरिकेतून आला आणि पिठोरीचे व्रत इथल्या मातीतले, त्यामुळे दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही असा समज सहज होतो. परंपरांचा एकमेकींवर प्रभाव पडल्याचे दिसत नाही, हे खरे. पण दोन्ही दिवसांच्या मुळापर्यंत गेल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. मुलांनी वर्षातून एकदा आईचे ऋण आठवावे, या कल्पनेतून यांपैकी कोणताही दिवस जन्मला नाही. पोटची मुले हाताशी लागण्याआधीच दगावताना पाहणाऱ्या स्त्रियांनी ती जगावीत म्हणून जे केले, मग ते व्रत असो वा स्वच्छतेची मोहीम, त्यातून हे दिवस उभे राहिले. आईचा गौरव हा त्यावर पुढे चढलेला थर आहे.

तिथी आणि व्रत

महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, म्हणून या पद्धतीला अमान्त म्हणतात. उत्तर भारतात तो पौर्णिमेला संपतो, त्या पद्धतीला पूर्णिमान्त म्हणतात. त्यामुळे विदर्भातील श्रावण अमावास्या उत्तरेकडे भाद्रपद अमावास्या ठरते, तिथी मात्र एकच असते. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने आणि ती तूट अधिक महिन्याने भरून काढली जात असल्याने इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. अधिक श्रावण आलेल्या २०२३ साली हा सण १४ सप्टेंबरला, २०२४ साली २ सप्टेंबरला आणि २०२५ साली २२ ऑगस्टला आला. शेतीच्या दृष्टीने ही वेळ मोठी अर्थपूर्ण आहे. जूनमध्ये पेरलेल्या कपाशीची डवरणी आणि निंदण बऱ्याच अंशी उरकलेले असते, पाते-फुले धरू लागलेली असतात, वेचणी अजून दूर असते, आणि बैलांना तसेच निंदणाला जाणाऱ्या बायांनाही थोडी उसंत मिळालेली असते. घर चालवणाऱ्या दोन मूक श्रमांना, बैलाच्या आणि बाईच्या, एकच तिथी मिळावी यामागे कोणाची योजना असो वा नसो, कृषिसंस्कृतीच्या रचनेशी ते पूर्णपणे सुसंगत आहे.

पिठोरीच्या व्रतात दिवसभर उपास करून संध्याकाळी स्नान केले जाते. कलशांची स्थापना करून त्यांवर ब्राह्मी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, इंद्राणी, चामुंडा या मातृकांना, म्हणजे मातृरूप देवतांना, आवाहन केले जाते. तांदळाच्या राशींवर सुपाऱ्या मांडून त्या चौसष्ट योगिनींच्या प्रतीक मानल्या जातात, आणि काही घरांत पिठाच्याच मूर्ती घडवल्या जातात. पूजेनंतर खीर-पुरीचा नैवेद्य दाखवला जातो, आणि मग या व्रताचा सर्वांत लक्षणीय भाग येतो. आई नैवेद्याचे वाण डोक्यावर धरून, मागे वळून न पाहता, ‘अतिथी कोण?’ असे विचारते. मागे उभे असलेले मूल ‘मी’ म्हणून पुढे होते आणि ते वाण घेते. जितकी मुले तितक्या वेळा हा प्रश्न विचारला जातो.

वरवर पाहता मुलांना आवडणारा हा एक घरगुती खेळ वाटतो. वास्तविक ती एक मोजणी आहे. वर्ष उलटले, पावसाळ्याचे रोगराईचे दिवस सरत आले, आणि पाठीमागून आपल्या प्रत्येक मुलाचा आवाज येतो आहे, याची खातरजमा आई त्या प्रश्नातून करून घेते.

कहाणीतील सून

पिठोरीची कहाणी मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली आहे, आणि तिचा आशय कोवळ्या मनाला पेलणारा नाही. एका ब्राह्मणाच्या घरी श्रावण अमावास्येला वाडवडिलांचे श्राद्ध असते. नेमक्या त्याच दिवशी त्याची सून बाळंत होते, मूल दगावते, आणि श्राद्धासाठी आलेले ब्राह्मण उपाशी परत जातात. सलग सहा वर्षे असे घडते. सातव्या वर्षीही तेच झाल्यावर सासरा संतापतो, मेलेले मूल सुनेच्या ओटीत घालतो आणि तिला रानात हाकलून देतो. अरण्यात तिला झोटिंगाची, म्हणजे एका पिशाचाची, बायको भेटते. नवरा आला तर तुला खाऊन टाकील, असे ती बजावते. सून सांगते की मरणासाठीच ती तिथवर आली आहे. तेव्हा झोटिंगाच्या बायकोला कणव येते आणि ती तिला पुढे शिवलिंगाजवळच्या बेलाच्या झाडावर बसून राहायला सांगते. रात्री नागकन्या, देवकन्या अप्सरांसह येतात, पूजा करतात, नैवेद्य दाखवतात आणि ‘अतिथी कोण?’ असे विचारतात. सून पुढे होऊन ‘मी’ म्हणते. त्या तिची हकिकत ऐकून घेतात, तिची मुले जिवंत करून तिच्या स्वाधीन करतात आणि दर श्रावण अमावास्येला चौसष्ट योगिनींची पूजा करण्यास सांगतात. ती मुलांना घेऊन परत येते, तेव्हा तोच सासरा तिचे स्वागत करतो.

या कथेत एका सामाजिक वास्तवाची नोंद आहे. मूल दगावले की दोष आईच्या माथी येत असे. तिच्या दुःखापेक्षा श्राद्धात आलेल्या विघ्नाची घराला अधिक चिंता असे. आणि वारंवार अपत्यवियोग झालेल्या स्त्रीला घरात जागा उरत नसे. तिची सुटका कोणी पुरुष करत नाही, देवळातला देवही करत नाही. आधी एका पिशाचाची बायको आणि मग देवकन्या, अशा स्त्रियांच्या एका साखळीमुळे ती होते. शिवाय कथेत ‘अतिथी कोण?’ हा प्रश्न देवता विचारतात आणि घराबाहेर काढलेली आई त्याचे उत्तर देते, तर व्रतात तोच प्रश्न आई विचारते आणि उत्तर मूल देते. म्हणजे जिला कोणी विचारले नव्हते ती स्त्री व्रताच्या दिवशी विचारणाऱ्या देवतेच्या जागी येते. आईच्या सन्मानाची कल्पना या व्रतात असेल तर ती इथे आहे: तिच्या स्थानात झालेल्या या बदलात.

मातृका : भयाकडून रक्षणाकडे

मुलांना जीवदान देणाऱ्या या देवता मुळात मुलांना नेणाऱ्या मानल्या जात, ही गोष्ट भारतीय धर्मेतिहासात अनेक ठिकाणी आढळते. महाभारताच्या वनपर्वात स्कंदाच्या जन्मकथेत मातृगणांचा उल्लेख येतो, आणि मूल सोळा वर्षांचे होईपर्यंत या शक्ती त्याला पीडा देऊ शकतात, त्यांना पूजेने प्रसन्न ठेवावे, असे तिथे सांगितले आहे. बालरोगांवरील प्राचीन ग्रंथ असलेल्या काश्यपसंहितेत जातहारिणी, म्हणजे जन्मलेले बाळ हरण करणारी, अशा शक्तीचे सविस्तर वर्णन आहे. रोगाचे कारण ठाऊक नसलेल्या काळात बाळाच्या अकाली मृत्यूला दिलेले हे नाव होते.

महाराष्ट्रात या कल्पनेचे ठळक शिल्प अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पाहायला मिळते. पाचव्या शतकातील या लेण्यातील एका उपदालनात हारीती आणि पांचिक यांच्या मोठ्या मूर्ती आहेत. बौद्ध कथेनुसार हारीती ही लोकांची मुले पळवून खाणारी यक्षिणी होती. बुद्धांनी तिचे धाकटे मूल काही काळ लपवून ठेवले, तेव्हा अपत्यवियोग काय असतो हे तिला कळले आणि ती मुलांची रक्षक झाली. वेरूळच्या लेण्यांतही सप्तमातृकांचे शिल्पपट्ट आहेत, आणि त्यांतील मातांजवळ मुले दाखवलेली आहेत. बदामीच्या चालुक्य राजांनी आपल्या ताम्रपटांत स्वतःला हारीतीचे पुत्र आणि सप्तमातृकांनी वाढवलेले म्हणवून घेतले, यावरून या देवतांचे महत्त्व घरापुरते मर्यादित नव्हते, हे दिसते. पुढे नवव्या ते अकराव्या शतकांच्या सुमारास चौसष्ट योगिनींची स्वतंत्र मंदिरे बांधली गेली. त्यांपैकी जबलपूरजवळच्या भेडाघाटचे मंदिर विदर्भाला सर्वांत जवळचे आहे. पिठोरीच्या पूजेत तांदळावर मांडलेल्या सुपाऱ्यांमागे इतका दीर्घ इतिहास आहे.

याच परंपरेचा अगदी घरगुती अवशेष म्हणजे सटवाईची पूजा. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या वा सहाव्या रात्री सटवाई येऊन त्याच्या कपाळी भविष्य लिहिते, अशी समजूत असून त्या रात्री दिवा विझू दिला जात नाही आणि बाळंतिणीजवळ जागरण केले जाते. या समजुतीला एक वैद्यकीय संदर्भही जोडून पाहता येतो. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यामुळे होणारा नवजात बाळाचा धनुर्वात साधारणपणे जन्मानंतर पहिल्या आठवड्याच्या अखेरीस प्रकट होतो आणि उपचाराविना तो बहुधा प्राणघातक ठरतो. ज्या रात्री जागण्याची प्रथा पडली त्या रात्रींच्या आसपासच बाळे दगावत होती. कारण उमगले नसले तरी काळाचे निरीक्षण बायांनी अचूक केले होते. लसीकरण आणि सुरक्षित बाळंतपण यांमुळे भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे सार्वजनिक आरोग्याच्या निकषांनुसार निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले.

माहूर आणि रावेरी

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते, आणि नदी ओलांडली की नांदेड जिल्ह्यातील माहूर लागते. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेले रेणुकेचे हे स्थान पुसद, महागाव, आर्णी, उमरखेड या भागांतील असंख्य घरांचे कुलदैवत आहे. परंपरा अशी सांगते की जमदग्नींच्या हत्येनंतर परशुरामाने पित्याचा देह आणि माता रेणुका यांना कावडीतून इथे आणले. दत्तात्रेयांच्या मार्गदर्शनाखाली अंत्यसंस्कार झाले आणि रेणुकेने सहगमन केले. आईच्या वियोगाने परशुराम व्याकुळ झाला, तेव्हा ती भूमीतून प्रकट होईल, मात्र त्याने मागे वळून पाहू नये, अशी आकाशवाणी झाली. त्याला राहवले नाही, त्याने वळून पाहिले, आणि तोवर केवळ मुख वर आले होते. म्हणून माहूरला देवीच्या मुखाचीच पूजा होते. परशुरामाने आईचे उत्तरकार्य केले असे मानले जाणारे कुंड तिथे आहे आणि त्याचे नाव मातृतीर्थ आहे. याच परशुरामाने पित्याच्या आज्ञेवरून आईचा शिरच्छेद केला होता, हीही कथा पुराणांत आहे. त्यामुळे मातृतीर्थ हे मुलाच्या प्रेमाचे जितके, तितकेच आईवर झालेल्या अन्यायाच्या परिमार्जनाचे स्थान ठरते.

जिल्ह्याच्या आत, राळेगाव तालुक्यात, रावेरी नावाचे गाव आहे, आणि तिथे सीतेचे मंदिर आहे. या मंदिरात सीतेशेजारी राम नाही. गावातील आख्यायिकेनुसार रामाने त्याग केल्यावर सीता याच परिसरात राहिली आणि इथेच लव-कुशांना तिने वाढवले. मुलांसाठी तिने गावकऱ्यांकडे पसाभर गहू मागितला, तो मिळाला नाही, आणि या गावी गहू पिकणार नाही असा शाप तिने दिला. पुढे संकरित वाण येईपर्यंत रावेरीत गहू होत नसे, असे गावकरी सांगत आले. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी या स्थानाचे मर्म ओळखले. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे झालेल्या शेतकरी महिला अधिवेशनापासून स्त्रियांचा प्रश्न त्यांनी शेतीच्या अर्थकारणाशी जोडला होता. त्यातून शेतकऱ्याने स्वेच्छेने पत्नीच्या नावे जमीन करून द्यावी, अशी ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम निघाली. टाकलेल्या, एकट्याने मुले वाढवणाऱ्या स्त्रीचे प्रतीक म्हणून त्यांनी रावेरीच्या सीतेकडे पाहिले आणि मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला. वैशाख शुद्ध नवमीला येणारी सीतानवमी बहुधा मे महिन्यातल्या मातृदिनाच्या आसपासच असते, आणि एकट्या आईचा सन्मान करू पाहणाऱ्या समाजासाठी रावेरीइतके बोलके स्थान महाराष्ट्रात दुसरे शोधावे लागेल.

पश्चिम व्हर्जिनियातील आई

मे महिन्यातील मातृदिनाची सुरुवात भेटकार्डांपासून फार दूर, आजाराने ग्रासलेल्या खेड्यांत झाली. अमेरिकेतील आजच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील डोंगराळ भागात राहणाऱ्या ॲन रीव्ह्‌ज जार्विस (१८३२–१९०५) यांना दहाहून अधिक मुले झाली आणि त्यांपैकी केवळ चार मोठी होईपर्यंत जगली. विषमज्वर, घटसर्प, गोवर यांसारख्या साथी त्या काळी घरेच्या घरे रिकामी करत. १८५८ च्या सुमारास त्यांनी वेबस्टर, ग्राफ्टन आणि आसपासच्या गावांत मातांची मंडळे उभी केली. या मंडळांतील स्त्रिया घरोघर जाऊन स्वच्छतेचे शिक्षण देत, दूध आणि पाणी तपासत, औषधांसाठी पैसे जमवत, आणि क्षयाने अंथरुणाला खिळलेल्या आईच्या घरी कामाला बाई ठेवून देत. पुढे यादवी युद्ध पेटले, तेव्हा या मंडळांनी दोन्ही पक्षांच्या सैनिकांची शुश्रूषा केली, आणि युद्धानंतर वैर विसरण्यासाठी ॲन जार्विस यांनी दोन्हीकडच्या कुटुंबांना एकत्र आणणारा मातांचा मैत्रीदिन भरवला. १८७० साली ज्युलिया वॉर्ड हाऊ या कवयित्रीने युद्धाविरुद्ध मातांनी एकत्र यावे असे आवाहन केले, तेही याच काळातले.

ॲन यांच्या निधनानंतर त्यांची कन्या ॲना जार्विस यांनी आईच्या स्मरणार्थ एक राष्ट्रीय दिवस असावा, असा ध्यास घेतला. १० मे १९०८ रोजी ग्राफ्टनच्या चर्चमध्ये पहिला औपचारिक कार्यक्रम झाला, आईला आवडणारी पांढरी कार्नेशनची फुले वाटली गेली, आणि त्याच दिवशी फिलाडेल्फिया शहरातही सभा झाली. १९१४ साली अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी मे महिन्यातला दुसरा रविवार मातृदिन म्हणून जाहीर केला. त्यानंतर फुले, मिठाई आणि छापील कार्डे यांचा व्यापार या दिवसाभोवती इतका वाढला की ॲना यांनी आपले उरलेले आयुष्य आणि पैसा त्याविरुद्ध लढण्यात खर्च केला. १९४८ साली एका शुश्रूषागृहात त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधील ‘मदरिंग संडे’ मात्र याहून जुना आणि वेगळा आहे: ईस्टरपूर्वीच्या उपासकाळातल्या चौथ्या रविवारी आपल्या मूळ चर्चला भेट देण्याची ती प्रथा होती, आणि घरापासून दूर चाकरी करणारी मुले त्यानिमित्ताने आईला भेटत.

ॲना जार्विस यांनी ज्या फिलाडेल्फियातून आपली चळवळ चालवली, त्याच शहराशी मराठी इतिहासातील एका आईचे नाते आहे. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. स्त्रियांवर उपचार करणाऱ्या स्त्री डॉक्टरांचा अभाव त्यांना त्या दुःखातून तीव्रतेने जाणवला, त्या समुद्र ओलांडून फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या, तिथे प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला आणि १८८६ साली वैद्यकीय पदवी मिळवली. पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, क्षयाने त्यांचा अंत झाला. पिठोरीच्या कहाणीतील सून, वेस्ट व्हर्जिनियातील ॲन जार्विस आणि आनंदीबाई या तिघींच्या प्रवासाचा आरंभ एकाच ठिकाणी होतो; पुढे पहिलीला व्रत मिळाले, दुसरीने संघटन केले आणि तिसरीने विद्या मिळवली.

आईचे नाव, आईची जमीन, आईचे बाळ

महाराष्ट्राच्या भूमीवर आईच्या नावाचा सार्वजनिक उच्चार फार जुना आहे. सातवाहन राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी नावे लावत. नाशिकच्या पांडवलेण्यातील दुसऱ्या शतकातील शिलालेखात गौतमी बलश्री या राजमातेने आपल्या दिवंगत मुलाच्या पराक्रमाचे वर्णन करवून घेतले, आणि त्यात आईची सेवा करणारा हेही त्याचे एक विशेषण आहे. या नावांवरून तेव्हा मातृसत्ता होती असा निष्कर्ष इतिहासकार काढत नाहीत, कारण वारसा पित्याकडूनच चालत असे. तरीही राजाची ओळख सांगताना आईला वगळले जात नव्हते. ही प्रथा पुढे लोपली. २०२४ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र शासनाने, १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाच्या नावानंतर आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिणे बंधनकारक केले, तेव्हा जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचा तो धागा नव्या अर्थाने पुन्हा हाती घेतला गेला.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात या गोष्टींचे मोल अधिक आहे. कोरडवाहू कापसाच्या या पट्ट्यात कर्ज आणि नापिकीमुळे शेतकऱ्यांच्या आत्महत्या गेली अनेक वर्षे होत आहेत, आणि प्रत्येक आत्महत्येनंतर शेत, कर्ज आणि मुले यांचा भार एका आईवर येतो. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन अशाच कुटुंबातील वैशाली येडे यांच्या हस्ते झाले, तेव्हा या स्त्रियांचा प्रश्न साऱ्या महाराष्ट्राने ऐकला. अशा आईला सातबाऱ्यावर आपले नाव हवे असते, पीककर्ज स्वतःच्या सहीने मिळायला हवे असते. लक्ष्मीमुक्तीसारखी मोहीम म्हणूनच कोणत्याही सत्कारसमारंभापेक्षा मातृदिनाच्या मूळ हेतूशी अधिक प्रामाणिक आहे.

तीच गोष्ट आरोग्याची. विदर्भाच्या पूर्व टोकाला गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेला १९८८ साली असे आढळले की जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे १२१ बाळे वर्षाच्या आत दगावत आहेत. दवाखाना दूर आणि बाळंतपण घरीच, अशा परिस्थितीत त्यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले: बाळाचे वजन करणे, त्याला ऊबदार ठेवणे, श्वास कोंडल्यास उपाय करणे, न्यूमोनिया आणि जंतुदोष ओळखून औषध देणे, हे सारे त्या घरोघर जाऊन करू लागल्या. ३९ गावांतील या प्रयोगात नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, साठ टक्क्यांहून अधिक घटले, आणि त्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे घरोघरी नवजात बालसेवेची ही पद्धत आशा सेविकांमार्फत देशभर स्वीकारली गेली. आज यवतमाळच्या एखाद्या पोडावर किंवा तांड्यावर बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाणारी आशा सेविका तेच काम करते आहे, ज्यासाठी ॲन जार्विस यांनी मंडळे काढली आणि ज्याच्या आशेने पिठोरीची पूजा मांडली गेली.

श्रावण अमावास्येचा मातृदिन टिकवायचा तर त्याचा हा उगम विसरून चालणार नाही. आईला देवता म्हणणे सोपे असते, आणि देवता म्हटल्यावर तिच्या गरजांचा विचार थांबण्याचा धोकाही असतो. पिठोरीच्या व्रतात आई देवतेच्या जागी जाते ती पूजा करून घेण्यासाठी जात नाही. आपली सर्व मुले हजर आहेत ना, हे विचारण्याचा अधिकार बजावण्यासाठी जाते. त्या प्रश्नाला आज घराबरोबरच गावाने, ग्रामपंचायतीने, प्राथमिक आरोग्य केंद्राने आणि शासनानेही उत्तर द्यायचे आहे. ज्या वर्षी एखाद्या गावात एकही बाळ टाळता येण्याजोग्या कारणाने दगावले नाही, एकही बाळंतीण वाटेत गेली नाही, आणि पती गमावलेल्या एकाही आईला आपल्या वावरावरचा हक्क सिद्ध करण्यासाठी तालुक्याला खेटे घालावे लागले नाहीत, त्या वर्षी त्या गावाने मातृदिन पाळला असे खुशाल म्हणावे.